कोणाची पाळकीण

परतवाड्याहून शेवटची एसटी मला उतरवून गेली तेव्हा
बॅगेत ग्रीक व्याकरण होतं,
सहा उपदेश, सुवाच्य अक्षरात, प्रत्येकी तीन मुद्द्यांचे,
आणि सेमिनरीचा पिवळा फॉर्म :
घरभेटी किती, उपदेश किती, प्रार्थनासभा किती.
खाली 'आपण काय शिकलात' यासाठी चार ओळी.

रेव्हरंड खंडारे लुनावर घ्यायला आले.
"सलाम," म्हणाले, "चहा झाला का?"
आणि पुढे सात किलोमीटर
कापणीची धूळ खात एकही शब्द नाही.

मंडळी म्हणजे एक्केचाळीस माणसं.
निम्मी जुन्या दवाखान्याच्या चाळीतली,
ज्यांचा रोग केव्हाच बरा झाला
आणि गावाला ते अजून कळलेलं नाही.

पहिल्याच रविवारी दिनाबाईनं विचारलं,
"कोनाची पाळकीन तू?"
कोणाचीच नाही, म्हटलं. मीच शिकतेय पाळक व्हायला.
ती बराच वेळ बघत राहिली.
"म्हंजे, मंग भाकरी कोन टाकते?"

माझा पहिला उपदेश बावीस मिनिटं चालला.
एक ग्रीक शब्द मी फळ्यावरसुद्धा लिहिला.
मागच्या बाकावर समुवेलराव तोंड उघडं टाकून झोपले,
एक कोंबडी वेदीपर्यंत येऊन
परत गेली, कोणी हाकलली नाही.
रेव्हरंड नंतर एवढंच म्हणाले,
"चांगला होता. पुढचा यांच्यापैकी कोणाला तरी विचारून लिही."

विचारायला म्हणून घरोघर गेले.
काय विचारायचं ते ठाऊक नव्हतं, म्हणून
तूर निवडू लागले. सुया ओवून दिल्या, चार-पाच, पुढच्या आठवड्यासाठी.
सालोमीबाईच्या मुलाला फोन लावून दिला,
त्यानं उचलला नाही, पुन्हा लावला.
फॉर्मवर लिहिलं : घरभेटी, नऊ.

झावळ्यांच्या रविवारी नाल्यावरून शिंदीच्या फांद्या आणल्या.
"याच झाडाखाली मी जवानीत वाया गेलो व्हतो,"
समुवेलराव म्हणाले, पोरं खिदळली.
होसान्ना गात आम्ही हातपंपापर्यंत गेलो
आणि वळलो. तिथून पुढे गाव सुरू होतं.

गुरुवारी प्रभुभोजन.
भाकर मोडायचा अधिकार मला नाही, दीक्षा व्हायची आहे.
माझं काम मनुका उकळून रस गाळायचं
आणि काचेचे अंगठ्याएवढे प्याले भरायचं.
मी सगळे काठोकाठ भरले.
देवाच्या घरी कंजुषी कशाला.

रेव्हरंडांनी ट्रे पाहिला. काही न बोलता
अठरा प्याले उचलले, अर्धे अर्धे परत किटलीत ओतले
आणि डाव्या बाजूला लावले,
मध्ये मध्ये रिकामी जागा सोडून.

उपासनेत कळलं.
दिनाबाईचे हात पुढे आले, बोटं नसलेले.
दोन मनगटांच्या मध्ये तिनं तो प्याला धरला,
चिमणीचं पिल्लू उचलावं तसा,
ओठांपर्यंत नेला.
लुगड्यावर एक थेंब नाही.
भरलेला असता तर सांडला असता.
इतकी वर्षं कोणीतरी तो मोजून अर्धा भरत आलं होतं
आणि त्याबद्दल कुठल्याच पुस्तकात ओळ नव्हती.

रात्री प्याले धुतले. एकाचा काठ टवकलेला,
मी बाजूला ठेवला.
"राहू दे," रेव्हरंड म्हणाले, "तो माझा."

फॉर्म शनिवारी पोस्टात टाकायचा होता.
चार ओळी कोऱ्या.
प्राचार्यांना 'अर्धा' कसा समजावू, सुचेना.
लिहिलं : कोंबडी हाकलू नये.
खोडलं.
पुन्हा लिहिलं.

ईस्टरनंतरच्या सोमवारी दिनाबाईनं दारातून हाक मारली.
"शिकली का मंग?"
काय?
"भाकरी टाकाले."
येते मला.
"दाखव."
पीठ तिनं मनगटांनी मळलं, मी थापली.
चुलीचा धूर डोळ्यांत, तवा जास्तच तापलेला.
पहिली उलटवताना मोडली.
"मोडू दे," म्हणाली,
आणि आधी तीच खायला घेतली.